बूच ठोकणारा हात

मी एक जुना लाकडी हातोडा आहे. खिळे ठोकणाऱ्या लोखंडी हातोड्यांशी माझी गल्लत करू नका, त्यांचे खानदान वेगळे. मी वाइनच्या पिंपांची बुचे ठोकतो. म्हणजे ठोकत होतो. आता मी तळघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांच्या आधाराने लटकलेला असतो आणि पाहुणे माझ्याखाली उभे राहून फोटो काढून घेतात. माझ्या डोक्याला एक भेग आहे. "किती जुना असेल ना हा!" असे म्हणत ते तिच्यावरून बोट फिरवतात. मित्रांनो, ती भेग म्हातारपणाची नाही. ती कशी पडली ते मी सांगणार आहे, पण माझी गोष्ट मऊ नाही हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला मारण्यासाठीच घडवले, त्याच्याकडून अंगाईची अपेक्षा करू नये.

माझी सुरुवातच घावाने झाली. एका जुनाट झाडावर कुऱ्हाड चालली आणि त्याच्या बुंध्यातला सर्वांत गाठाळ, सर्वांत हट्टी तुकडा पिंपे बांधणाऱ्या मिस्त्रीने उचलला. त्याने मला तासले, उकळत्या पाण्यात बुडवले, मग तापवून लाल केलेल्या लोखंडी कड्या माझ्या डोक्याच्या दोन्ही टोकांना चढवल्या. जळक्या लाकडाच्या धुराने त्याची खोली भरून गेली. वर गार पाणी ओतताच कड्या अशा आवळल्या की माझा जीव कासावीस झाला. एवढे करूनही त्याचे समाधान झाले नाही. त्याने मला अंगणातल्या दगडावर आपटायला सुरुवात केली.

"फुटायचं असेल तर आत्ताच फूट," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माझी अब्रू घालवू नको."

मी फुटलो नाही. मिस्त्रीने शाबासकी वगैरे दिली नाही, दांडा बसवला आणि तो दुसऱ्या कामाला लागला. मला मात्र स्वतःचा फार अभिमान वाटला.

मला ज्यांनी नेले त्यांना सगळे 'मालक' म्हणत. हे नाव आधी चेष्टेने पडले होते. तेव्हा त्यांच्याकडे उतारावरचा एक द्राक्षमळा होता, तोही निम्मा दगडांचा. शिवाय एका पडक्या गोदामाखालचे तळघर आणि मिस्त्रीकडून आणलेली चार वापरलेली पिंपे. त्या पिंपांवर वरकड म्हणून मी मिळालो. मालकांची उमेदीची वर्षे दुसऱ्यांच्या कारखान्यांत द्राक्षे तुडवण्यात गेली होती. आपल्या घामाच्या बाटलीवर परक्या माणसाचे नाव पाहिले की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. बायको आणि दोन लहान मुलांना त्या रिकाम्या तळघरात उभे करून ते म्हणाले, "इथे आपल्या घराची वाइन होणार. आपण चौघं करणार. हा कारखाना नाही, हे घर आहे." थोरली मुलगी होती, तिला सगळे ताई म्हणत. मुलगा तिच्याहून लहान, तो धाकटा. आणि त्यांच्या आईला येणारे-जाणारे काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणतो.

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. मी माणूस ओळखतो तो त्याच्या मुठीवरून. मालकांची मूठ कोरडी, खरखरीत आणि घट्ट होती. आंब्याची फोड सोडून देईल, पण दांडा सोडणार नाही अशी.

आता आमचे काम समजून घ्या. द्राक्षांचा रस पिंपात भरला की तो गप्प बसत नाही. तो आंबू लागतो, फसफसतो, त्यातून वायू सुटतो. पिंप आडवे ठेवलेले असते आणि त्याच्या पोटावर वरच्या बाजूला एक भोक असते. रस चुळबुळ करत असताना त्या भोकात बूच गच्च ठोकले, तर वायूला वाट मिळत नाही आणि पिंप फुटते. उलट, रस शांत झाल्यावरही बूच सैल राहिले, तर हवा आत शिरते आणि वाइनचा आंबटढोण शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. म्हणून सगळी अक्कल ठोकण्याच्या वेळेत आहे. मालक पिंपाला गाल चिकटवून, डोळे मिटून आतला आवाज ऐकत. आत बारीक चुळबुळ असली तर ते पुढच्या पिंपाकडे जात. सगळे शांत असले तर हात मागे करत आणि मी त्या हातात जाई. ज्याने कान लावून ऐकले त्यानेच बूच ठोकायचे, असा त्यांनी नियमच केला होता. ऐकण्याचे काम ते दुसऱ्या कोणाला देत नसत.

त्या नियमानेच पहिला घात केला. मालक तापाने अंथरुणाला खिळले आणि खाली पिंपे शांत झाली. काकू दोनदा मला हातात घेऊन पिंपापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. त्यांची मूठ घामाने ओली होती. मालकांचे काम मालकांना न विचारता करायचे, ही कल्पनाच त्या घरात कोणाला झेपत नव्हती, आणि तापात बरळणाऱ्या माणसाला विचारणार तरी काय? मालक उठले तेव्हा वर्षभराच्या वाइनचा शिरका झाला होता.

त्या दिवशी मालकांनी सगळी पिंपे फोडली. मीच फोडली म्हणा ना. पहिल्या घावाला फळी वाकली, दुसऱ्याला तिच्या चिरफळ्या उडाल्या. आंबूस लाटा मालकांच्या गुडघ्यांवर आदळत होत्या, तरी ते पुढच्या पिंपाकडे वळत होते. मला खरे सांगायचे तर मजा आली. बुचावर मोजून मापून बसण्यापेक्षा हे मोकळे झोडपणे माझ्या स्वभावाला मानवले. फळीचा एक टोकदार तुकडा उडून जिन्यात उभ्या असलेल्या काकूंच्या कपाळात घुसला आणि रक्त त्यांच्या भुवईवरून खाली आले. मुले त्यांच्या पदराआड होती. शेवटचे पिंप फुटल्यावर मालक धापा टाकत थांबले.

"तुमचं झालं असेल तर बाजूला व्हा," काकू पदराने कपाळ दाबत म्हणाल्या. "मला झाडून घ्यायचंय."

दुसऱ्या दिवशी मालकांनी मिस्त्रीचे पाय धरले आणि उधारीवर नवी पिंपे आणली. पण त्यांच्या डोक्यात हवेचे भूत शिरले ते कायमचे. ते बुचाभोवती गोणपाट गुंडाळू लागले आणि पूर्वीच्या दुप्पट जोराने ठोकू लागले. हवा म्हणजे चोर, असे ते म्हणत.

पण मित्रांनो, वाइन चांगली होऊ लागली हेही सांगितले पाहिजे. एकदा एक व्यापारी आला, घोट घेतला आणि म्हणाला, "जखमा धुवायला बरी आहे." मालकांनी मला उचलले, रस्त्यावर गेले आणि त्याच्या गाडीचे दोन्ही पुढचे दिवे फोडून आले. परत आल्यावर त्यांनी त्याला शांतपणे दुसरा पेला भरून दिला. "आता नीट चव घ्या," म्हणाले. व्यापाऱ्याने भीतीने घेतली की चवीने, कोण जाणे, पण पुढच्या हंगामात तोच माणूस सगळा माल उचलायला दारात उभा होता. मालकांनी हा किस्सा आयुष्यभर सांगितला. चांगल्या वाइनसाठी माणसाने भांडलेच पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटत असे. भांडण कुठे थांबवायचे एवढे मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मुले त्या तळघरातच मोठी झाली. ताईचा कान बापाचा होता. झाकणावर, म्हणजे पिंपाच्या सपाट तोंडावर, नुसती टिचकी मारून आत किती भरले आहे ते ती सांगे. धाकट्याचा जीव मळ्यात होता. वेलींची छाटणी तो अशी करी की मालकसुद्धा मागे उभे राहून बघत, आणि मग चूक काढत. चूक सापडली नाही तर आवाज चढवत. एखादी टोपली कलंडली, एखादी बाटली फुटली, की हात उठे. मुलांच्या पाठी त्या घरात कामाबरोबरच तयार झाल्या. "हे सगळं कोणासाठी करतोय मी?" मारून झाल्यावर मालक विचारत. "तुमच्यासाठीच ना?" आणि ते खरेही होते. हीच त्या घराची मोठी अडचण होती.

मालकांचे केस पांढरे झाले तसा त्यांच्या ठोक्यात फरक पडला. तो मला सर्वांच्या आधी कळला. पूर्वी ते पिंपाला कान लावून बराच वेळ थांबत, चार पिंपे सोडून पाचव्याला मला उचलत. आता ते गाल टेकवत, लगेच मान हलवत आणि ठोकत. ओळीने सगळी पिंपे त्यांना शांतच वाटू लागली. एवढी वर्षे बंद तळघरात माझे ठोके कानाशी घेऊन त्यांचे कान गेले होते. हे त्यांना कळले नाही, कारण नुसती शांतता ऐकू येणे हाच तर त्यांच्या कामाचा आनंद होता. आणि घरात कोणाला कळले नाही याचे कारण आणखी साधे आहे. मालक आधीही कोणाचे ऐकत नसत.

ताईने मात्र पिंपांना स्वतः कान लावला होता. जेवताना ती म्हणाली, "बाबा, मधल्या ओळीतली पिंपं अजून चालू आहेत. बुचं सैल करू या."

मालक जेवत राहिले. तिने पुन्हा, आपल्या कानाकडे बोट करून, मोठ्याने सांगितले.

"माझ्या कानाला शिकवतेस?" मालकांनी ताट भिंतीवर भिरकावले. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ऐकतोय मी पिंपं!"

त्या दिवसापासून मालक मळ्यात गेले की ताई खाली उतरू लागली. घट्ट बूच काढायची एक रीत असते. बुचाला हात लावायचा नाही. त्याच्या दोन्ही अंगांच्या फळ्यांवर आळीपाळीने ठोके द्यायचे, म्हणजे फळ्या थरथरतात आणि बूच आपोआप उडी मारून वर येते. ताई मला उचले, एकेका पिंपावर असे ठोके देई, फुसकन वायू सुटला की बूच पुन्हा अलगद टेकवून ठेवी. तिची मूठ सैल आणि सावध होती. ती पिंपांना वाचवत होती, बापाला वाचवत होती आणि चौघांच्या घराची वाइनही. तिला हे सगळे बापाच्या पाठीमागे करावे लागत होते.

एका दुपारी मालक मळ्यातून अर्ध्यातच परतले आणि तळघरात उतरले. ताईच्या हातात मी होतो. बुचे सैल होती, गोणपाटाच्या चिंध्या जमिनीवर पडल्या होत्या. फक्त कोपऱ्यातले एक मोठे पिंप उघडायचे राहिले होते.

मालकांना त्यात एकच गोष्ट दिसली. "हवा घालतेस?" ते ओरडले. "पुन्हा शिरका करायचाय? मला हाकलून तुम्हा दोघांना मालक व्हायचंय!"

"बाबा, ऐका तरी! एकदा कान लावून ऐका!"

त्यांनी तिच्या मुस्काटात अशी मारली की ती पिंपावर आदळली आणि तिचा ओठ फाटला. त्यांनी मला तिच्या हातातून हिसकावले आणि वर उचलले. तेवढ्यात धाकटा जिन्यावरून धावत आला आणि दोघांच्या मध्ये घुसला. मी खाली येतच होतो. त्याने उजवा हात आडवा धरला. मी त्याच्या कोपरावर बसलो. पिंपाच्या फळ्या मोडतात तो आवाज मला ठाऊक होता, हा त्याहून बारीक आणि ओला होता. पश्चात्ताप करणे हातोड्याला जमत नाही, ते माणसांचे काम. पण तो आवाज आवडला नाही एवढे मी सांगू शकतो.

धाकटा किंचाळला. बाहेर मळ्यातल्या मजुरांनी माना वर केल्या इतक्या मोठ्याने किंचाळला. मालकांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. ते दुसरीकडेच पाहत होते. ताई पापणी न हलवता बापाकडे बघत राहिली. तिला तेव्हा कळले.

"बाबांना ऐकूच येत नाहीये," ती पुटपुटली.

मालक कोपऱ्यातल्या त्या मोठ्या पिंपाकडे गेले. आधीच आवळलेल्या बुचावर त्यांनी सगळा राग काढला. मी एकामागून एक बसत होतो आणि प्रत्येक ठोक्याला खालून मला उलटा धक्का मिळत होता. पिंपाच्या अंगात इतका जोर मी आयुष्यात अनुभवला नव्हता. दोन फळ्यांच्या सांध्यातून फुस्स करून बारीक धार उडाली. ताई धाकट्याला जिन्याकडे ओढत ओरडत होती, "बाबा, मागे व्हा! बाबा, पिंप फुटतंय!" मालक पिंपाला वळसा घालून त्याच्या झाकणासमोर आले आणि मुलांकडे तोंड करून त्यांनी पिंपावर थाप मारली.

"बघा," ते म्हणाले, "कसं शांत आहे!"

झाकण सुटले. अख्खे झाकण, पिंपाच्या लोखंडी कड्यांसकट, त्यांच्या कमरेत बसले आणि त्यांना समोरच्या भिंतीवर फेकून गेले. मी त्यांच्या मुठीतून उडालो आणि दगडी खांबावर आपटलो. मिस्त्रीच्या दगडावर मी फुटलो नव्हतो, पण त्या खांबावर माझ्या डोक्याला ही भेग पडली. लाल वाइनचा लोंढा तळघरभर पसरला. त्यात मालक पडले होते, त्यांचा एक पाय नको त्या दिशेला वळला होता, आणि वाइन कुठली अन् रक्त कुठले हे कळत नव्हते.

काकू धावत आल्या. बाबांना ऐकूच येत नाही, हे ताईने त्यांना ओरडून सांगितले. काकू वाइनमध्येच मटकन बसल्या आणि नवऱ्याचे डोके त्यांनी मांडीवर घेतले. "मला वाटायचं, मुद्दाम उत्तर देत नाहीत," त्या रडत म्हणाल्या. "नेहमीसारखं."

मालकांनी डोळे उघडले. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिले, ताईकडे पाहिले, कोपर छातीशी धरून ओरडणाऱ्या धाकट्याकडे पाहिले. पहिल्यांदाच त्यांच्या नजरेत भीती होती.

"तुम्ही सगळे काहीतरी बोलताय ना?" त्यांनी हळूच विचारले.

मालक वाचले, पण काठीशिवाय पुन्हा चालले नाहीत. धाकट्याचा हात कोपरात वाकडा तो वाकडाच राहिला. छाटणीची कात्री त्या हाताने चालेना. प्लास्टर निघाले त्याच आठवड्यात तो घर सोडून गेला. आईच्या पाया पडला, ताईला मिठी मारली आणि बापाच्या खोलीच्या दाराशी थोडा वेळ उभा राहून निघून गेला. मालकांची पाठ दाराकडे होती.

कारभार ताईने हातात घेतला. आता आमच्याकडे रबरी बुचे आहेत, त्यांना वायू सोडणारी काचेची नळी असते. ठोकावे लागत नाही. तळघरात पाहुण्यांसाठी टेबले मांडली आहेत आणि बाटलीवर घराचे नाव झोकात छापलेले आहे. मालकांना हवे होते ते सगळे झाले, फक्त चौघे राहिले नाहीत. मला भिंतीवर चढवले. पाहुण्यांना माहिती देणारी एक मुलगी आहे, ती सांगते की संस्थापकांनी याच हातोड्याने हा व्यवसाय उभा केला. पाहुणे टाळ्या वाजवतात. कोपराची हकीकत तिला ठाऊक नाही.

मालक मात्र रोज खाली येतात. ताईने त्यांना नवी रीत शिकवली. ती त्यांचा तळवा पिंपाच्या पोटावर ठेवते आणि ते हाताने आतली थरथर वाचतात. सुरुवातीला त्यांनी हात झटकला होता. आता ते तासन् तास तसे बसतात, बोटे पसरून, मान खाली घालून.

गेल्या हंगामात पाहुणे नसताना जिन्यावर पावले वाजली. ताई मळ्यात होती. उतरणारा माणूस मी ओळखला नाही, कारण चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. तो मालकांच्या पाठीमागे येऊन थांबला. "बाबा," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "बाबा." मालकांना कुठून ऐकू येणार? त्याने खांद्याला हात लावण्यासाठी हात पुढे केला, पण तो खांद्यापर्यंत पोहोचेना. हात अर्ध्यात थांबला आणि परत आला. तो जिन्याकडे वळला. मला वाटले, गेला. पण तो भिंतीपाशी आला आणि त्याने मला डाव्या हाताने खाली उतरवले. उजवा हात दांड्याला लागला तेव्हा मला ते वाकडे कोपर जाणवले. हा सूड घ्यायला आला आहे, असेच मला वाटले.

त्याने मला उचलले आणि बाप ज्या पिंपाला हात लावून बसला होता, त्याच्या दुसऱ्या टोकावर अगदी हलका ठोका दिला. दार वाजवावे तसा.

मालकांच्या तळव्यातून तो ठोका त्यांच्या अंगात गेला. ते दचकून वळले. त्यांनी मुलाला पाहिले, त्याच्या हातातल्या मला पाहिले. त्यांनी हात आडवा धरला नाही. काठी बाजूला ठेवली आणि पांढरे डोके हळूहळू पुढे वाकवले.

"मार," ते म्हणाले. "पण पिंपाला नको. त्याचं अजून चालू आहे आत."

धाकट्याच्या तोंडून हसू फुटले की रडू, ते मला सांगता येणार नाही. त्याने मला जमिनीवर ठेवले, बापाशेजारी बाकावर बसला आणि वाकड्या हाताचा तळवा पिंपावर, बापाच्या तळव्याशेजारी टेकवला. मालकांनी वर पाहिले नाही. ते फक्त थोडे सरकले आणि त्याला जागा करून दिली.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला तेल लावा, माझ्या भेगेत मेण भरा, असे मी सांगणार नाही. हातोडा फुटला तर मिस्त्री दुसरा करून देतो. कोपर करून देणारा मिस्त्री मात्र मी अजून पाहिलेला नाही. म्हणून तुमच्या हातात काही वजनदार आले आणि समोर आपले माणूस उभे असले, तर आधी ते काय म्हणते आहे ते ऐकून घ्या. कान गेले असतील तर जवळ जाऊन हात लावून पाहा. त्या दिवशी मी बराच वेळ जमिनीवरच पडून होतो, आणि मला उचलायचे कोणाच्याच लक्षात आले नाही.